शेंगा चटणी विकत आणली तर काय बिघडले?

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या, वय वर्षे ४१ असलेल्या एका शिक्षिकेचे हे पत्र आहे. घरात पती, १६ वर्षांची मुलगी, ११ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असतात. सासूबाईंनी आयुष्यभर तिखट, काळा मसाला, शेंगा-जवसाच्या चटण्या आणि लोणची घरीच केली. आता खांदा आखडल्यामुळे त्यांना कांडता-वाटता येत नाही. काही महिन्यांपूर्वी पतींना उच्च रक्तदाब असल्याचे निष्पन्न झाले. त्याच सुमारास 'बाजारच्या सॉसमध्ये विष असते' अशी एक चित्रफीत मोबाइलवर पाहून बाईंनी फ्रीजमधला केचप, शेजवान चटणी, मेयोनीज, आले-लसणाची पेस्ट असे सगळे एका दिवशी टाकून दिले आणि यापुढे सारे घरीच करायचे ठरवले. घरी केलेला केचप थोड्याच दिवसांत फसफसला, मुलगा ताटावर रुसून बसू लागला आणि शाळा सांभाळून मिळणारा रविवार पूर्णपणे ओट्यापाशी जाऊ लागला. अखेर थकून त्यांनी शेंगा चटणीचे पाकीट विकत आणले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी त्या चटणीला हातही लावला नाही. जाऊबाई म्हणतात, "सगळे मिळते की बाजारात, कशाला मरमर करायची?" पत्राचा शेवट असा आहे : "हे नेटाने चालू ठेवू की सोडून देऊ? सोडले तर नवऱ्याच्या तब्येतीची हेळसांड होईल आणि सासूबाईंचे मन दुखावेल, असे सारखे वाटते."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न एकच असला तरी त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या काळज्या आहेत : पतींची प्रकृती, बाजारातल्या पदार्थांची शुद्धता आणि सासूबाईंचे मन. या तिन्हींवर 'सगळे घरी करणे' हा एकच उतारा आहे असे तुम्ही गृहीत धरले, आणि तुमची दमछाक तिथूनच सुरू झाली असे मला वाटते. म्हणून आधी या काळज्या सुट्या करू. एकेकीचे उत्तर वेगळे निघते आणि त्यांतले पहिले तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

रक्तदाबाचा संबंध मिठाशी आहे, आणि मीठ घरच्या बरणीतले आहे की दुकानच्या बाटलीतले, याने शरीराला काही फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे अंदाजे एक सपाट छोटा चमचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही मर्यादा साधारण हीच आहे. या मापाने आता घरातल्या बरण्यांकडे पाहा. कैरीच्या पारंपरिक लोणच्यात फोडींच्या वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के मीठ घातले जाते, कारण ते लोणचे वर्षभर टिकवण्याचे काम त्या मिठालाच करायचे असते. जेवणात दोन-तीन फोडी घेतल्या, वर एक भाजलेला पापड मोडला, तर दिवसाच्या मिठाचा बराच मोठा हिस्सा भाजी-आमटीला स्पर्श होण्याआधीच संपतो. याउलट विकतच्या केचपच्या एका मोठ्या चमच्यात साधारण अर्धा ग्रॅम किंवा त्याहून थोडे कमी मीठ असते. म्हणजे केवळ मिठाचा हिशेब मांडला तर तुम्ही टाकून दिलेल्या बाटलीपेक्षा सासूबाईंच्या हातचे लोणचे तुमच्या यजमानांना अधिक जड आहे. सोया सॉसची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ असते, त्यामुळे घरी 'चायनीज' करणाऱ्यांनी तिकडे जरूर लक्ष द्यावे. पाकिटावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १ ग्रॅम मीठ, एवढे ध्यानात ठेवले की दुकानात उभ्या उभ्या हिशेब करता येतो. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना ते त्रासदायक ठरू शकते.

दुसरी काळजी शुद्धतेची. ती चित्रफीत मी पाहिलेली नाही, पण त्या धाटणीच्या इतर बऱ्याच पाहिल्या आहेत, आणि त्यांत एखाद्या रसायनाचे अवघड नाव वाचून दाखवले की पुरावा दिल्यासारखे वागले जाते. केचपच्या बाटलीवर बहुधा आढळणारे 'आयएनएस २११' म्हणजे सोडियम बेन्झोएट. हा परिरक्षक, म्हणजे पदार्थ टिकवणारा घटक, आंबट पदार्थांतच नीट काम करतो, त्याचे कमाल प्रमाण नियमाने ठरवून दिलेले आहे, आणि बेन्झोइक आम्ल दालचिनी व लवंगेतही निसर्गतःच थोड्या प्रमाणात असते. आपला अन्नविषयक नियम तर परिरक्षकांचे दोन वर्ग करतो, आणि त्यांतल्या पहिल्या वर्गात मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले, मध आणि खाद्यतेल यांचा समावेश आहे. तेव्हा परिरक्षक नसलेले लोणचे कोणाच्याच आजीने घातलेले नाही. केचपबद्दल माझी तक्रार आहे, पण ती बेन्झोएटबद्दल नाही, साखरेबद्दल आहे : पुष्कळ बाटल्यांवर १०० ग्रॅममागे २० ते ३० ग्रॅम साखर छापलेली दिसते. मुलगा तो पोळीबरोबर, भजीबरोबर, डोशाबरोबर असा दिवसातून तीनदा घेत असेल तर त्याला आवर घालायला हवा. आठवड्यातून एखाद्या वेळी घेत असेल तर छोटी बाटली आणून ठेवा आणि हा विषय तिथेच संपवा. घरचा केचप फसफसला तो तुमच्या अडाणीपणामुळे नव्हे. टोमॅटोमध्ये ९४-९५ टक्के पाणी असते. ते पुरेसे आटले नाही, व्हिनेगर कमी पडले किंवा बाटली उकळत्या पाण्यातून काढून कोरडी केलेली नसली, की यीस्ट आपले काम सुरू करते आणि साखर तिला आयतीच मिळते. कारखान्यात हे सारे मापून होते. तुमच्या ओट्यावर ते करता येईल, पण किलोभर टोमॅटो आटवून हाती येते एक लहान बाटली, आणि ती मुलगा चार दिवसांत संपवणार. हे श्रम वाया आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेयोनीजबाबत तर मी घरच्या बाजूने मुळीच बोलणार नाही. कच्च्या अंड्याचे मेयोनीज हे साल्मोनेला या जिवाणूला दिलेले निमंत्रण असते, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. शेजारच्या तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये विषबाधेच्या घटनांनंतर कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली आणि एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूनेही तेच केले. मुलांना सँडविचमध्ये तसे काही हवेच असेल तर टांगलेल्या दह्याचा चक्का, त्यात मोहरीची पूड, मिरपूड आणि किंचित मीठ, एवढ्यावर काम भागते. शेजवान चटणी घरी छान होते, परंतु तिच्यात तेलात बुडालेला लसूण असतो. लसणासारख्या कमी आम्लाच्या पदार्थावर तेलाचा थर आला आणि बरणी बाहेरच्या तापमानाला राहिली, तर बोटुलिझम हा जीवघेणा आजार करणाऱ्या जिवाणूला हवी तशी प्राणवायूविरहित जागा मिळते. म्हणून ती थोडीच करावी, व्हिनेगर सढळ हाताने घालावे, फ्रीजमध्येच ठेवावी आणि आठवड्याच्या आत संपवावी. आले-लसणाच्या वाटणालाही हाच नियम लागू. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवले तर मात्र रोजची निकड भागते आणि विकतची पेस्ट लागत नाही.

इतके वाचून मी जाऊबाईंच्या बाजूची आहे असा तुमचा समज होईल. तसे नाही. 'सगळे मिळते बाजारात' हे खरे असले तरी बाजारात मिळणाऱ्या सगळ्यावर सारखाच विश्वास टाकता येत नाही, आणि सर्वांत कमी विश्वास टाकावा अशी वस्तू म्हणजे सुटे लाल तिखट. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिखटात सुदान हा कारखान्यात वापरायचा, खाण्यास मनाई असलेला लाल रंग सापडला होता, आणि २००५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच रंगामुळे शेकडो तयार खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. पाण्याच्या पेल्यात चिमूटभर तिखट सोडून रंगाचे ओघळ उतरतात का हे पाहण्याची घरगुती चाचणी उपयोगी आहे, पण तिच्यात पाण्यात विरघळणारे रंगच उघडे पडतात. सुदान तेलात विरघळतो, म्हणून तो या चाचणीतून सहीसलामत सुटतो. तेव्हा तुम्हाला घरच्यासाठी एकच हट्ट धरायचा असेल, तर तो तिखटाचा धरा.

आणि सोलापुरात हा हट्ट फारसा महाग पडत नाही. रंगासाठी सुरकुतलेली ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा गुंटूर, अशी सबंध मिरची मार्च ते मे या काळात बाजारात मुबलक असते. कर्नाटक आणि आंध्र-तेलंगण या दोन्ही बाजूंनी आपल्याकडे माल येतो हा आपल्या शहराचा फायदाच आहे. मिरची डोळ्यांदेखत निवडून घ्यावी, काळे डाग किंवा पांढुरकी बुरशी दिसली तर सोडून द्यावी. गच्चीवर उन्हात इतकी वाळवावी की हलवली तर आत बिया खुळखुळाव्यात आणि देठ ओढताच तुटून हातात यावा. कांडपाला नेल्यावर आधी मूठभर मिरची घालून यंत्र साफ करून घ्यायला सांगावे, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला आत राहिलेला असतो. ही मूठभर वेगळी काढावी. काळ्या मसाल्यासाठी धने, तीळ, खोबरे, दगडफूल, तमालपत्र हे घरी मंद आचेवर वेगवेगळे भाजून घेतले की निम्मे काम झाले. कांदा-लसूण घातलेला मसाला चवीला उजवा असतो पण कमी टिकतो, म्हणून वर्षाचा करायचा असेल तर कांदा-लसणाविना करावा आणि ती चव आमटी करताना आणावी. बरणीत हिंगाचे खडे ठेवावेत, वापरायची छोटी डबी वेगळी असावी आणि तिच्यात ओला चमचा जाऊ देऊ नये. हे सारे मिळून वर्षातले दोन-तीन दिवसांचे काम आहे, आणि त्यात मिरची आणणे, वाळत घालणे, कांडपाला नेणे यांतले काहीही असे नाही की जे तुमच्या यजमानांना जमणार नाही.

आता शेंगा चटणी. ही चटणी तुमच्या घरासाठी सर्वांत सोयीची आहे असे मी म्हणते, त्याला कारण आहे. लोणचे मिठाने टिकते. शेंगा चटणी टिकते ती कोरडेपणामुळे. त्यामुळे तिच्यातले मीठ हे केवळ चवीपुरते असते आणि ते निम्मे केले तरी चटणी बिघडत नाही. पाव किलो दाण्यांना अर्धा छोटा चमचा मीठ घातले, तर भाकरीबरोबर घेतलेल्या दोन चमच्यांतून पोटात जाणारे मीठ नगण्य राहते. म्हणजे रक्तदाबाच्या माणसाने ताटातले लोणचे बाजूला सारावे आणि त्या जागी ही चटणी, वर घट्ट दही, असे घ्यावे. सोलापूरकराला ही शिक्षा वाटण्याचे कारण नाही.

करण्याची रीत तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा अधिक कळते, तरी मिक्सरवर करणाऱ्या इतर वाचकांसाठी सांगते. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजावेत, घाई केली की वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. पूर्ण गार होऊ द्यावेत, कारण कोमट दाणे मिक्सरात पडले की क्षणात त्यांचा चिकट गोळा होतो. साले चोळून पाखडून काढावीत. भांड्यात आधी लसूण, जिरे, तिखट आणि मीठ फिरवून घ्यावे, मग दाणे घालून बटण क्षणभर दाबून सोडावे, हलवावे, पुन्हा दाबावे. उखळात मुसळाचा घाव बसतो तेव्हा दाणा चिरडला जातो आणि त्याचे तेल हळूहळू सुटते. मिक्सरचे पाते दाणा कापते आणि तापवतेही, म्हणून चटणी एक तर भुरभुरीत कुटासारखी राहते किंवा थेट लोण्यासारखी होते. या दोहोंच्या मधली अवस्था गाठायची असते : मुठीत दाबली तर मुटका वळावा, अंगठ्याने दाबला तर तो फुटावा, आणि तळहातावर तेलाची चकाकी राहावी. मिक्सरनंतर तीच चटणी खलबत्त्यात घालून थोडी ठेचली तर ही अवस्था बऱ्यापैकी साधते, आणि हे ठेचण्याचे काम रुसलेल्या ११ वर्षांच्या मुलाला द्यावे, रुसवा काढायला याहून बरे काम नाही.

एक खबरदारी मात्र घरी करणाऱ्यांनी कटाक्षाने घ्यावी, कारण 'घरचे म्हणजे निर्धोक' हे गृहीतक इथे साफ फसते. शेंगदाण्याला ओल लागली की त्यावर अस्परजिलस जातीची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताला घातक असे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे हे विष पहिल्यांदा जगाच्या नजरेस आले. भाजल्याने ते कमी होते, पण नाहीसे होत नाही. म्हणून भाजण्याआधी दाणे ताटात पसरून काळपट, सुरकुतलेले, रंग उडालेले आणि बुरशीचा ठिपका असलेले दाणे वेचून फेकून द्यावेत, आणि भाजलेला दाणा कडवट लागला तर तोंडातलाही थुंकून टाकावा. ही निवड पूर्वी घरोघरी सुपात होत असे. स्वस्तात मिळालेला तुकडा-दाणा पोत्यातून थेट यंत्रात टाकणाऱ्याकडे ती होत नाही. चटणी विकत घेताना खरी शंका घ्यायची ती याची.

तिसरी काळजी सासूबाईंची. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही, यावरून त्या दुखावल्या असा अर्थ तुम्ही काढला आहे. तो बरोबरही असेल. पण दुसरी शक्यता अशी की चटणी खवट होती आणि सुनेने विकत आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचे नाही म्हणून त्या गप्प राहिल्या. शेंगदाण्याचे तेल उन्हाळ्यात लवकर खवटते आणि इतकी वर्षे चटणी केलेल्या बाईला तो वास पाकीट उघडताच कळतो. तिसरी शक्यता अशी की त्यांचा राग पाकिटावर नसून स्वतःच्या खांद्यावर आहे. यांपैकी काय खरे, हे त्यांनाच विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तुमच्या पत्रात तुम्ही विचारल्याचे कुठे दिसत नाही. "आई, ही चटणी कशी वाटली, खरे सांगा," इतके साधे वाक्य पुरे आहे. दुसरे असे की, आखडलेला खांदा हे म्हातारपणाचे देणे म्हणून सोडून देऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, व्यायाम शिकून घ्या, आणि मधुमेहाची तपासणी झालेली नसेल तर ती करा, कारण मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते.

त्यांचे मन राखायचे म्हणून तुम्ही त्यांच्याइतकेच कष्ट उपसले पाहिजेत, हे मात्र मला मान्य नाही. त्या ज्या काळात हे सारे करत होत्या, त्या काळात बहुधा त्यांच्या दारी सकाळी साडेसातची शाळा नव्हती, आणि शेजारच्या चार बायका कुरडया-पापडांसारखेच मसाल्यालाही एकमेकींच्या अंगणात बसत. सासूबाईंनी 'एकटीने' केले असे आज आपण म्हणतो, पण ते काम पुष्कळदा अनेक हातांचे असे. तुम्ही खरोखर एकट्या आहात. तुमच्या पत्रात नवरा आणि मुलगी जेवतात, मुलगा रुसतो, जाऊबाई मत देतात, आणि ओट्यापाशी उभे राहण्याचे क्रियापद फक्त तुमच्यापुढे येते. यजमानांचा रक्तदाब हे कारण असेल तर दाणे निवडणे आणि भाजणे यजमानांनीच करावे. आठवड्यातला पाऊण तास आहे तो. सासूबाईंच्या हाती खुर्चीवर बसून करण्यासारखे काम राहू द्या : लसूण सोलणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चव घेऊन 'अजून एक घाव हवा' हे सांगणे. त्यांचे माप मुठीचे आणि चिमटीचे असणार. त्या घालतील तसे प्रत्येक जिन्नस आधी छोट्या वजनकाट्यावर ठेवून मुलीने वहीत उतरवून घ्यावे. काळ्या मसाल्यासाठी तर हे या उन्हाळ्यातच करा, कारण पंधरा-वीस जिनसांचे ते प्रमाण एकदा हातचे गेले की कोणत्याही चित्रफितीत सापडत नाही. मीठ मात्र वहीत त्यांच्या मापाच्या निम्मे लिहा आणि का लिहिले तेही त्यांना सांगा. स्वतःच्या मुलाच्या रक्तदाबासाठी म्हटल्यावर त्या हरकत घेतील असे वाटत नाही.

याच्याही पुढे जाऊन एक सुचवते. शाळेत तुमच्या बरोबरीच्या तीन-चार जणींशी बोलून चटण्यांची भिशी लावा. एका महिन्यात एकीने सगळ्यांपुरती शेंगा चटणी करायची, दुसरीने जवसाची, तिसरीने कारळ्याची. शहराच्या पूर्व भागात माहेर असलेली एखादी तेलुगू मैत्रीण असेल तर आवकायची, म्हणजे आंध्र पद्धतीच्या कैरीच्या लोणच्याची, सोय आपोआप होईल, आणि कन्नड घरातली असेल तर चटणी पुडीची. पाव किलोऐवजी किलोभर करायला फार तर तासभर अधिक लागतो, पण पुढचे दोन महिने तुमचा ओटा मोकळा राहतो. उन्हाळ्यात मात्र महिनाभराच्या वर पुरेल इतकी चटणी करू नये.

तेव्हा 'चालू ठेवू की सोडून देऊ' याचे माझे उत्तर असे : तिखट आणि काळा मसाला वर्षातून एकदा घरच्या देखरेखीखाली, शेंगा, जवस, कारळे या कोरड्या चटण्या घरी किंवा भिशीत, आले-लसणाचे वाटण घरी गोठवलेले, लोणचे आणि पापड घरचे असले तरी यजमानांच्या ताटात सणापुरते. केचप, सोया सॉस, व्हिनेगर हे निश्चिंतपणे विकत, लहान बाटलीत, आणि ते घरी करण्याचा नाद आजपासून बंद.

राहिली विकतच्या शेंगा चटणीची गोष्ट, कारण परीक्षांच्या दिवसांत तुमच्यावर ती वेळ येणारच, आणि शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांचे आईबाप, एकटे राहणारे वृद्ध, पाळ्यांत काम करणारी जोडपी अशा कित्येक वाचकांना तर पर्यायच नसतो. आपल्या शहरात बचत गटांच्या आणि घरगुती उद्योग चालवणाऱ्या बायका ही चटणी उत्तम करतात. ती घेणे म्हणजे दुसऱ्या एका घरची चटणी घेणे, त्यात कमीपणा कसला? फक्त पाकीट उलटून वाचावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे, म्हणून पहिले नाव शेंगदाण्याचे असायला हवे. डाळे, पामतेल, साखर किंवा रंग यांची नावे दिसली तर दुसरे पाकीट पाहावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक आणि बनवल्याची तारीख असावी. सुटी, तारीख नसलेली पिशवी ओळखीच्या दुकानातली असली तरी घेऊ नये. दुकानात उन्हात टांगलेल्या माळेतले पाकीट न घेता आतल्या कपाटातले मागावे, मोठ्या पाकिटापेक्षा १०० किंवा २०० ग्रॅमचे घ्यावे, आणि घरी आल्यावर चटणी काचेच्या बरणीत काढून, झाकणावर तारीख लिहून, होळीनंतर पाऊस सुरू होईपर्यंत ती फ्रीजमध्येच ठेवावी.